बिझनेसची दोन आसनं, इकॉनॉमीत बसवलेलं जोडपं

प्रश्न : पाच आठवड्यांनी आमचं लग्न आहे आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मालदीवला हनिमूनसाठी फ्रँकफर्ट–दोहा–माले असा प्रवास. विमानकंपनी आखाती आहे. माझं तिकीट पैसे भरून घेतलेलं बिझनेस क्लासचं. होणाऱ्या पत्नीचं इकॉनॉमीचं, पण माझे माइल्स (कंपनीकडे प्रवास करून साठवलेले गुण) वापरून जाता-येता बिझनेसमध्ये अपग्रेड केलेलं. ते कन्फर्मही झालं होतं. आता कंपनीचा मेल आला आहे. आमचं दुपारचं विमान रद्द झालं असून त्याच रात्रीच्या विमानात जागा दिली आहे, पण फ्रँकफर्ट–दोहा टप्प्यावर दोघांनाही इकॉनॉमीत. बदल्यात तिचे सगळे माइल्स परत आणि मला एक व्हाउचर. खाली 'स्वीकारा' असं बटण आहे. नव्या वेळेनुसार आम्ही मालेला संध्याकाळी साडेपाचला पोहोचतो. त्यानंतर रिसॉर्टच्या बेटावर नेणारं सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) नसतं आणि रिसॉर्ट म्हणतं, पहिल्या रात्रीचे पैसे परत मिळणार नाहीत. शिवाय एक घोळ मीच केला आहे : तिचं तिकीट लग्नानंतरच्या आडनावाने काढलं, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा आहे. आता काय करावं?

उत्तर : ते 'स्वीकारा'चं बटण आज दाबू नका. ते दाबलंत की कंपनी पुढे म्हणणार, प्रवाशाने बदल राजीखुशीने मान्य केला. तुमच्या प्रकरणात सगळं वजन 'हे आमच्या इच्छेविरुद्ध झालं' या एका गोष्टीवर आहे.

कंपनी युरोपातली नसली तरी विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटतं. त्यामुळे जातानाच्या प्रवासाला युरोपीय संघाचं नियमन 261/2004 लागू होतं. दोह्याला विमान बदलावं लागतं म्हणून ते तुटत नाही. एकाच बुकिंगमधला प्रवास सलग धरायचा, असं युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. फक्त दोघांच्याही ई-तिकिटावर फ्रँकफर्ट ते माले हे दोन्ही टप्पे एकाच 13 आकडी तिकीट नंबराखाली आहेत ना, ते पाहा. दोघांचे पीएनआर बहुधा वेगवेगळे असतील, कारण वर्ग वेगळा असला की एका पीएनआरमध्ये दोन प्रवासी सहसा राहत नाहीत. त्याने हक्काला बाधा येत नाही. पण एकाचं विमान बदललं की दुसऱ्याचं आपोआप बदलत नाही, म्हणून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडल्याची नोंद करायला सांगा.

विमान रद्द झाल्याचं तुम्हाला 14 दिवसांहून जास्त आधी कळलं, त्यामुळे 600 युरोची ठरावीक भरपाई मिळणार नाही. तो विषय सोडा. कलम 8 मात्र पूर्ण शाबूत आहे. त्यात तीन पर्याय आहेत : पूर्ण पैसे परत, शक्य तितक्या लवकर तुलनीय सोयींच्या दुसऱ्या मार्गाने प्रवास, किंवा जागा असेल तर तुमच्या सोयीच्या नंतरच्या तारखेला प्रवास. निवड प्रवाशाची असते, कंपनीची नाही. कंपनीने मेलमध्ये एकच पर्याय पुढे केला आहे, तोही स्वतःच्या सोयीचा. माझं मत स्पष्ट आहे : पैसे परत घेऊ नका. पाच आठवड्यांवर आलेल्या तारखेला तेच तिकीट आज घ्यायला गेलात तर दर वेगळाच दिसेल.

मागणी दुसऱ्या पर्यायाची करा, पण 'आम्हाला बिझनेस द्या' असं मोघम लिहू नका. समोरचा माणूस फक्त स्वतःच्या कंपनीची यादी बघतो आणि 'जागा नाही' म्हणून मोकळा होतो. तुम्हीच दोन-तीन पर्याय शोधून द्या : विमान क्रमांक, तारीख, वेळ आणि बिझनेसमध्ये किमान दोन जागा दिसताहेत याचा स्क्रीनशॉट. आदल्या दिवशीचं विमान, त्याच कंपनीचं दुसऱ्या जर्मन शहरातून सुटणारं विमान, भागीदार कंपनीचं विमान, हे सगळं चालतं. स्वतःकडे योग्य जागा नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या विमानाचाही विचार व्हावा, अशी युरोपीय आयोगाची मार्गदर्शक भूमिका आहे. 'तुलनीय सोयी'मध्ये शक्यतो वर्ग खाली येऊ नये, हेही तिथेच सांगितलं आहे. फोनवर 'इनव्हॉलंटरी रीरूट', म्हणजे इच्छेविरुद्धचा मार्गबदल, हा शब्दप्रयोग वापरा. नव्या तिकिटाच्या शेरे लिहायच्या जागी 'इनव्हॉल' अशी नोंद आली की भाडेफरक किंवा बदलाचा आकार लावायला त्यांना जागा उरत नाही. आणि 'तुमचं झालं' या तोंडी आश्वासनावर फोन ठेवू नका. टप्प्याची स्थिती 'एचके', म्हणजे जागा पक्की, अशी दिसायला हवी आणि नवा 13 आकडी तिकीट नंबर हातात यायला हवा. पीएनआरमध्ये जागा आहे पण तिकीट पुन्हा काढलंच नाही, ही चूक चेक-इनच्या काउंटरवर उघडी पडते.

हे सगळं करूनही इकॉनॉमीतच बसावं लागलं तर कलम 10. तिकीट ज्या वर्गाचं घेतलं त्यापेक्षा खालच्या वर्गात बसवलं, तर कंपनीने सात दिवसांत तिकिटाच्या किमतीचा हिस्सा परत करायचा : 1,500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, मधल्या अंतरांना 50 टक्के आणि 3,500 किलोमीटरपुढच्या अशा उड्डाणाला 75 टक्के. फ्रँकफर्ट–दोहा सुमारे 4,600 किलोमीटर, म्हणजे 75 टक्के. विमान का बदललं, बिघाड होता की हवामान, हे या कलमात विचारलंच जात नाही. विमान रद्द झाल्याच्या भरपाईत 'असाधारण परिस्थिती'ची जी पळवाट आहे, ती इथे नाही.

मात्र 75 टक्के म्हणजे सगळ्या तिकिटाचे 75 टक्के नव्हेत. इथे बरेच जण आकडा फुगवून मागतात आणि मग पूर्ण मागणीच फेटाळली जाते. 22 जून 2016 च्या निकालात युरोपीय न्यायालयाने हिशेब घालून दिला आहे : फक्त ज्या टप्प्यावर वर्ग खाली आला त्याची किंमत धरायची. ती तिकिटावर वेगळी दिली नसेल तर अंतराच्या प्रमाणात काढायची, आणि वर्गावर अवलंबून नसलेले कर वगळायचे. समजा तुमच्या परतीसह तिकिटाचं करांशिवायचं भाडं 2,800 युरो आहे. दोहा–माले सुमारे 3,300 किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे 7,900 आणि दोन्ही बाजूंचे 15,800. 2,800 ला 4,600 ने गुणून 15,800 ने भागलं की सुमारे 815 युरो. त्याचे 75 टक्के, 611 युरो. कंपनीने स्वतः लावलेला अधिभार वर्गानुसार बदलत असेल तर तो भाड्यातच धरा. तो कर नव्हे. हे पैसे रोख, बँकेत किंवा चेकने द्यायचे असतात. व्हाउचर फक्त तुमच्या सहीच्या संमतीने. आणि हे हक्क कराराच्या अटींनी कमी करता येत नाहीत, असं कलम 15 म्हणतं.

आता तिचं अपग्रेड. आसनं शेजारची असली तरी कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळी आहेत. माइल्सवर काढलेली तिकिटं नियमनाच्या कक्षेत येतात, हे कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. पण तिचं मूळ तिकीट इकॉनॉमीचं, वर अपग्रेड. कंपनी म्हणणार की 'तिकीट ज्या वर्गाचं घेतलं' तो वर्ग इकॉनॉमीच होता. तुमचा प्रतिवाद असा : मोबदला घेऊन, कंपनीनेच दिलेल्या दस्तऐवजाने बिझनेसचा हक्क पक्का झाला होता. अपग्रेडसाठी वेगळा ईएमडी (जादा सेवेचा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज) निघाला असेल, त्यालाही 13 आकडी नंबर असतो. तो पत्रात लिहा. हा मुद्दा वादाचा आहे, म्हणून मागणी पायरीपायरीने मांडा. किमान मागणी : न मिळालेल्या टप्प्याचे माइल्स पूर्ण परत, अपग्रेडपोटी भरलेला अधिभार परत आणि परत आलेल्या माइल्सची मुदत वाढवून. त्यावर 75 टक्क्यांची मागणी. (काउंटरवर फुकट मिळालेलं अपग्रेड काढून घेतलं असतं तर यातलं काहीच मागता आलं नसतं.)

आणि 'सगळे माइल्स परत' या औदार्याला भुलू नका. सगळे परत घेतले की दोहा–माले आणि परतीचं अपग्रेडही गेलं. तुम्हाला फक्त एका टप्प्याचे हवे आहेत. बाकीचे टप्पे बिझनेसमध्ये कायम आहेत, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

पहिली रात्र. मालेची सीप्लेन फक्त उजेडात उडतात आणि शेवटचं उड्डाण दुपारीच सुटतं. त्यामुळे साडेपाचला पोहोचणं म्हणजे मुक्काम मालेजवळ. रिसॉर्टची खोली तुम्ही वेगळी घेतली असेल तर विमानकंपनीचा त्या कराराशी संबंध नाही. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या 1999 च्या माँट्रियल कराराखाली उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई असते. 28 डिसेंबर 2024 पासून तिची मर्यादा माणशी 6,303 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. पण पाच आठवडे आधी कळवलेला बदल म्हणजे 'उशीर' नव्हे, असंच कंपनी म्हणणार आणि त्यात तथ्य आहे. म्हणून इथला खरा उपाय भरपाई नाही, वेळ आहे. मालेला सकाळी पोहोचवणारा मार्ग मागा आणि त्याचं कारण म्हणून सीप्लेनची वेळ लिहून द्या. समांतरपणे रिसॉर्टला मुक्काम एक रात्र पुढे सरकवायची लेखी विनंती करा. नुकसान कमी करायचा प्रयत्न केला नाही, हा आरोप नंतर महागात पडतो. विमान आणि खोली एकाच ठिकाणी एकत्र घेतली असेल तर मात्र ते पॅकेज ठरू शकतं. मग युरोपीय संघाच्या 2015/2302 या निर्देशाखाली आयोजकच जबाबदार. पावती पाहा.

मुळात हनिमून आहे हे पत्रात लिहिल्याने काही बिघडत नाही, पण हिरमुसण्याचे पैसे यातल्या कुठल्याही नियमात नाहीत.

नावाचा घोळ खरं तर सगळ्यांत आधी सोडवायचा. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदलत नाही आणि विमानात चढताना पाहतात तो पासपोर्ट. विवाहाचा दाखला सोबत नेला की चालेल, या भरवशावर राहू नका. प्रवासाआधी घाईने नवा पासपोर्टही काढू नका. त्याचा नंबर बदलतो आणि तो जिथे जिथे दिला तिथे सगळीकडे दुरुस्ती येते. तिकीट पासपोर्टशी जुळवा. अर्जात 'नावात बदल' असं लिहू नका. कंपन्या त्याचा अर्थ दुसरा प्रवासी असा घेतात आणि तिकीट हस्तांतरित करता येत नाही. 'आडनावाची दुरुस्ती, प्रवासी तीच, जन्मतारीख तीच' असं लिहा आणि पासपोर्टची प्रत जोडा. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर अर्ज एजंटकडेच जाईल. हे रीरूटच्या आधी का? दुरुस्तीसाठी तिकीट पुन्हा निघतं, रीरूटसाठीही पुन्हा निघतं, आणि प्रत्येक वेळी अपग्रेडचा ईएमडी तिकिटापासून सुटायची भीती असते. शक्य तर दोन्ही एकाच वेळी करवून घ्या आणि नंतर अपग्रेड अजून जोडलेलं आहे का ते विचारा. मालदीवमध्ये प्रवेशासाठी लागणारा ऑनलाइन इमुगा फॉर्म प्रवासाआधीच्या 96 तासांत भरायचा असतो. तोही पासपोर्टच्या नावाने, म्हणून दुरुस्ती झाल्यावरच.

परतीसाठी वेगळा विचार लागतो. माले–दोहा–फ्रँकफर्ट हा प्रवास संघाबाहेरून सुटतो आणि कंपनीही बाहेरची, म्हणून 261 लागू नाही. परतीचं तिकीट एकत्र घेतलं होतं तरी नाही. युरोपीय न्यायालयाच्या 2008 च्या निकालाने ते मिटवलं आहे. तिथे वर्ग खाली आला तर कंपनीच्या अटींनुसार भाडेफरक मिळतो, आणि यात एक चलाखी असते : तुमचं बिझनेसचं जुनं भाडं वजा आजचं सगळ्यांत महाग इकॉनॉमीचं भाडं, उत्तर जवळजवळ शून्य. उपाय एकच, तिकीट काढलं त्या दिवसाच्या इकॉनॉमी भाड्याचा पुरावा. तेव्हाचा शोधाचा मेल किंवा स्क्रीनशॉट असेल तर आजच बाजूला काढून ठेवा.

आणखी एक सापळा. रागाच्या भरात फ्रँकफर्ट–दोहाचा टप्पा सोडून स्वतः दुसरं विमान घेऊन दोहा गाठू नका. टप्पे क्रमाने वापरावे लागतात. पहिला चुकला की 'नो-शो' (प्रवासी आलाच नाही) असा शेरा लागतो आणि परतीसकट सगळं रद्द होतं.

प्रवासाच्या दिवशी गेटवर एखादी बिझनेसची जागा सुटू शकते. एकच. ती कोणी घ्यायची, यावर कायदा काही बोलत नाही. पण 'स्वेच्छेने' असा शब्द असलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. इकॉनॉमीत बसलेल्याचा बोर्डिंग पास जपून ठेवा आणि डाउनग्रेड इच्छेविरुद्ध झाल्याचं काउंटरवरून लेखी मागा. बॅगेची मर्यादा मूळ वर्गाचीच राहील का, हेही विचारून घ्या. तशी सीप्लेनवर साधारण 20 किलो बॅग आणि 5 किलो हातातलं सामान इतकंच चालतं, वरच्या किलोंचे पैसे पडतात. बॅग उशिरा आली तर विमानतळ सोडण्याआधी नोंद करा आणि ती मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार. माँट्रियलखालचा दावा दोन वर्षांत.

डाउनग्रेडची मागणी आधी कंपनीकडे, हिशेबासह आणि खात्याचा तपशील देऊन. सात दिवसांत पैसे आले नाहीत तर लेखी स्मरणपत्र तारीख घालून पाठवा. दोन महिने दाद मिळाली नाही तर जर्मनीत तडजोड मंडळाकडे जाता येतं, त्याचा खर्च प्रवाशावर पडत नाही. 'लुफ्टफार्ट-बुंडेसआम्ट' या जर्मनीच्या विमान वाहतूक कार्यालयाकडेही तक्रार करता येते, पण ते कार्यालय तुमचे पैसे वसूल करून देत नाही. तेही जमलं नाही तर स्थानिक 'आम्ट्सगेरिश्ट' न्यायालय. तिथे वकील सक्तीचा नाही. 261 खालच्या दाव्याची मुदत जर्मनीत तीन वर्षं, ज्या वर्षी उड्डाण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजायची.