जुनी फोर बाय फोर जीप कमी बजेटमध्ये उभी करायची आहे. सुरुवात कुठून करू आणि लिफ्ट किट कोणतं घेऊ?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की गाडी सध्या चालू आहे, थोडा धूर मारते, ब्रेक कमी लागतात, स्टिअरिंग ढिलं आहे, आणि पुढच्या महिन्यात बॉडी उतरवून गाडी पूर्ण उघडायचा विचार आहे. त्यानंतर तीन इंच लिफ्ट, म्हणजे चेसिस आणि बॉडी तेवढी वर उचलायची, आणि ३१ इंची टायर. लिफ्ट किटचं नंतर बघू. ते "पूर्ण उघडायचा" वाचलं आणि गप्प बसवेना.

उघडू नका. चालती गाडी उघडू नका.

माझ्याकडे १९६२ची सीजे-३बी जीप आहे, उंच बोनेटवाली. हिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बोनेट वर उचलावं लागलं. ज्यांना ती कुरूप वाटते त्यांना वाटू दे. घेतली त्या दिवशी ती कुणी ओढून आणली नव्हती, स्वतः चालत दारात आली होती. धूर होता, ब्रेक दोनदा दाबल्यावर लागायचे, तिसऱ्या गिअरमध्ये घरघर होती. पण चालत होती. हे मी आता जितक्या प्रेमाने लिहितोय तितक्या प्रेमाने तेव्हा बघितलं नाही, हीच चूक.

त्या सुट्टीत दाजी आले होते. दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. एकदा एका मोटरसायकलचं इंजिन खोलून परत जोडलं, तेव्हापासून घरात कुठलंही यंत्र बिघडलं की शेवटचा शब्द त्यांचा. गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डवर टिचकी वाजवली आणि म्हणाले, "उघडायची तर पूर्ण उघड. अर्धवट कामाला काही अर्थ नसतो." मी म्हटलं, दाजी, आधी ब्रेक करूया का? ते नुसते हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

सुरुवात डाव्या पुढच्या चाकापासून झाली. नट हलेना. दाजींनी पान्यावर लोखंडी पाइप चढवला आणि त्यावर उभे राहिले. मी म्हटलं, जुन्या जीपना एका बाजूला उलटे आटे असतात असं कुठेतरी वाचलंय, बघूया का? "गंजलाय रे तो, बाकी काही नाही." टक्क. स्टड तुटला. दुसऱ्या नटावर परत पाइप, परत टक्क. तिसऱ्याच्या वेळी मी फडक्याला रॉकेल लावून स्टडचं टोक पुसलं, तर तिथे एल हे इंग्रजी अक्षर कोरलेलं. डाव्या चाकांचे आटे उलटे. सोडवायला पाना ज्या दिशेला फिरवायला हवा होता, त्याच्या बरोबर उलट दिशेला आम्ही नट आवळत होतो. उलट फिरवल्यावर तिसरा नट थोडा कुरकुरला आणि सुटला. दाजी म्हणाले, "मग आधी सांगायचंस ना."

मी सांगितलं होतं.

असो. दोन रविवारांत बॉडी खाली आली. इंजिन बाहेर, हेड उघडं, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) कोपऱ्यात. सगळे नट-बोल्ट रंगाच्या एका रिकाम्या डब्यात, कारण "जोडताना आपोआप कळतं." मग दाजींची सुट्टी संपली आणि दाजी गेले. माझी नोकरी बदलली, मुलगी झाली, आणि गाडी चार वर्षं तशीच पडून राहिली. बॉडी ताडपत्रीखाली आडवी ठेवली होती. ताडपत्रीने पाऊस अडवला आणि दमटपणा आत कोंडला, त्यामुळे जो पत्रा आधी ठणठणीत होता त्याला भोकं पडली. इंजिनावर नुसतं पोतं टाकलं होतं, तर चारपैकी दोन सिलिंडरच्या भिंतींवर गंज चढला आणि पिस्टन जागेवर धरले. जे इंजिन नुसतं धूर मारत होतं ते आता बोअर करावं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करावे, लागणार होते. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम. वायरिंग उंदरांनी खाल्लं. यातला एकही बिघाड मी गाडी विकत घेतली तेव्हा नव्हता. हे सगळे मी घरी बसून तयार केले.

पुढे दीड वर्ष लागलं तिला जोडायला, आणि खर्च पहिल्या अंदाजाच्या तिप्पट. त्यातला निम्मा वेळ त्या रंगाच्या डब्यासमोर गेला. एकाच जाडीचे, अर्ध्या इंचाने कमीजास्त लांबीचे बोल्ट समोर पसरले की "आपोआप कळतं" म्हणजे काय ते कळतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, एका वेळी एक काम उघडा, ते संपवा, गाडी फिरवून आणा, मगच पुढचं. पैसे थोडे असतील तर हाच एक रस्ता आहे, कारण मध्ये पैसे संपले तरी दारात गाडी उभी असते, भंगार नाही. प्रत्येक कामाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो. खासकरून वॉशर कुठल्या बाजूला होता त्याचा.

पहिलं काम ब्रेक. यावर मी वाद घालणार नाही. मूळ ब्रेक एकाच सर्किटचे असतात, म्हणजे चारपैकी एका चाकापाशी पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. रबरी होज, व्हील सिलिंडर, गंजलेले पाइप सगळे एकदम बदला, एकेक करत बसू नका. जमलं तर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य पंप) बसवा. टायरला जे पैसे ठेवलेत ते इथे घाला.

आणि हँडब्रेकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे जो ड्रम आहे त्यावर असतो, आणि तो प्रॉपेलर शाफ्टमार्फत, म्हणजे ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यामार्फत, चाकं धरतो. मागचा शाफ्ट सोडलात की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी. मागचं एकच चाक जॅकवर उचललंत तरी तेच, कारण डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) उचललेलं चाक उलटं फिरू देतं आणि गाडी सरकते. माझी एकदा अशी वीतभर सरकली. मी तेव्हा खाली नव्हतो, पाना आणायला उठलो होतो. तेव्हापासून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि चेसिसखाली घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय मी वाकूनसुद्धा बघत नाही.

दुसरं स्टिअरिंग. सगळे थेट स्टिअरिंग बॉक्स बदलायला धावतात. आधी एक करा: इंजिन बंद, कुणालातरी आत बसवून स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवा. ज्या सांध्यात एक बाजू हलते आणि दुसरी मागून येते, ती बोटांना लगेच कळते. माझा बहुतेक ढिलेपणा चेसिसवरच्या बेलक्रँकमध्ये (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणारा मधला तुकडा) निघाला. पिन आणि बेअरिंग बदलले, बॉक्सला हातही लावला नाही. मग पुढची बाजू जॅकवर घ्या, टायर वर आणि खाली धरून हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर व्हील बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा. किंगपिन ढिले असताना मोठे टायर चढवलेत तर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं अशी थरथरायला लागतात की गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाहीत.

इंजिनाचा धूर त्यानंतर. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही सिलिंडर जवळपास सारखे असतील तर थोडा धूर सहन करा. तेल ओतत राहा आणि चालवा. धुराने कुणाची गाडी दरीत गेली नाही.

आता टायर. ३१ इंची, पण जीपला नाकापेक्षा मोती जड नको. मूळचा ६.००-१६ टायर साधारण २८ इंच उंच असतो. त्याच्या जागी ३१ इंची म्हणजे गिअरिंग जवळपास दहा टक्क्यांनी लांब झालं, ओढ तेवढी कमी झाली. ५.३८ गिअर गुणोत्तराचा ॲक्सल ४.९ च्या ॲक्सलसारखा वागायला लागतो. ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाला चढावर हे लगेच कळतं, ब्रेकला उतारावर. आणि इतकं करून डिफरन्शियलच्या खाली मिळतं काय, तर दीड इंच. टायर तीन इंचांनी मोठा झाला तरी ॲक्सल त्याच्या निम्माच वर जातो. लिफ्ट किटने तर तेवढंही नाही. लिफ्टने चेसिस आणि बॉडी वर जाते, डिफरन्शियल जिथे होतं तिथेच राहतं, आणि दगडाला आधी तेच घासतं.

टायर घ्यायचेच असतील तर चारही एकदम घ्या. "आत्ता दोन, पुढच्या वर्षी दोन" हे बजेटच्या नावाखाली खूप जण करतात. या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नाही. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या उंचीचे असतील आणि तुम्ही फोर बाय फोर टाकलंत, तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि त्यात शाफ्टचा क्रॉस (सांधा) किंवा गिअर मरतो.

फुकटातलं मॉडिफिकेशन हवं असेल तर हवा कमी करा. चिखलात किंवा वाळूत रस्त्यावरच्या हवेपेक्षा बरीच कमी करून, १८ ते २० पीएसआयवर जाऊन बघा. टायर पसरतो, पकड वाढते, आणि ज्या ठिकाणी तुम्ही लिफ्टची स्वप्नं बघत होतात तिथून जीप निमूट बाहेर येते. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरा, नाहीतर टायर तापतो आणि वळणावर रिमवरून उतरू शकतो. एक छोटा पंप आणि प्रेशर गेज, झालं मॉडिफिकेशन.

मी शहाणपणा शिकवतोय तर माझंही सांगतो. जोडताना मी पुढे डिस्क ब्रेक बसवले आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, पैसे वाचवायला. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमच्या स्प्रिंगा त्या दाबाला जुमानत नाहीत, डिस्कला मात्र तो पॅड सोडूच देत नाही. पहिल्याच लांब फेरीत पुढची दोन्ही चाकं इतकी तापली की हबवर टाकलेलं पाणी चुर्र झालं. मास्टर सिलिंडर पायाखाली, म्हणजे खालच्या पातळीवर असल्यामुळे व्हॉल्व्ह नुसता काढूनही चालत नाही, ऑइल मागे येतं. डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. म्हणजे ती चूक दाजींची नव्हती.

लिफ्ट किट कोणतं? विचारलंतच म्हणून. तीन इंच नको. या गाडीचा व्हीलबेस ८० इंच, १९४१च्या युद्धातल्या जीपइतकाच, आणि दोन चाकांमधली रुंदी जेमतेम चार फूट. ती वर उचललीत की वळणावर उलटायला बघते. मूळचे पाटे (लीफ स्प्रिंग) दमलेले असतील तर नवे मूळ उंचीचे पाटे आणि बुश घाला, बहुतेकदा गाडी आपोआप इंचभर वर येते, कारण ती तेवढी बसलेली असते. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) लावून उंची वाढवायची स्वस्त युक्ती करू नका. शॅकल पुढच्या टोकाला असेल तर ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही. दीड इंचापर्यंत चालेल, पण ब्रेकचे होज लांब घ्या आणि शाफ्टचा कोन बघा. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, मी स्वतः एकही लावलेलं नाही. आणि काहीही बदलण्याआधी तुमच्याकडे गाडीच्या नोंदणीचे नियम काय म्हणतात ते वाचा, हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

एक अपवाद आहे. चेसिस कुजलेली असेल तर बॉडी उतरवावीच लागते. पाट्यांचे हँगर आणि आडव्या पट्ट्या जिथे मिळतात तिथे हातोडीने ठोकून बघा. ठण्ण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं किंवा जुन्या पेचकसचं टोक आत गेलं, तर वरून कितीही पुट्टी भरून रंग मारलात तरी उपयोग नाही. अशा वेळी दाजी बरोबर आहेत, गाडी पूर्ण उघडायची.

पण माझी चेसिस त्या दिवशीही ठण्ण वाजली होती. आजही गाडी त्याच चेसिसवर आहे आणि तिला एकही पट्टी मारावी लागलेली नाही.