घडीचे फर्निचर निवडताना
घडीचा पलंग किंवा सोफा-कम-बेड घेताना बहुतेक जण तो मिटलेला असताना किती जागा घेतो एवढेच पाहतात. तुम्ही मात्र तो पूर्ण उघडल्यावरची लांबी-रुंदी जमिनीवर खडूने आखा आणि भोवती निदान 60 सेंटिमीटर वाट उरते का, कपाटाचे दार त्याला अडते का, हे तपासा. रोज उघडायची वस्तू एकट्या माणसाला, आधी दुसरे काही न हलवता उघडता आली पाहिजे. नाहीतर ती कायम उघडीच राहते.

भिंतीत उभ्या मिटणाऱ्या पलंगाबाबत विशेष काळजी घ्या. त्याचा मोठा ताण भिंतीवर येत असल्याने तो पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर बोल्टने बसवावा; पोकळ जिप्सम भिंतीत आतल्या सांगाड्याचा आधार घेतल्याशिवाय बसवू नये. गादीही आधीच ठरवा, कारण पलंग उचलायला मदत करणाऱ्या गॅस स्प्रिंगचा (दाबलेला वायू भरलेल्या दांड्याचा) जोर तिच्या वजनाशी जुळवलेला असतो: गादी फार हलकी असेल तर पलंग नीट खाली राहत नाही आणि फार जड असेल तर तो उचलवत नाही.

खर्च कमी करायचाच असेल तर तो वरच्या लॅमिनेटवरचा (शोभेच्या थरावरचा) कमी करा, बिजागऱ्यांवरचा नव्हे. माझ्या मते, पहिली खरेदी म्हणून भिंतीला मिटणारे साधे टेबल सर्वांत योग्य.