विचक्राफ्ट शिकायचं म्हणतेस, तर आधी ही पुस्तकं

प्रिय मुली,

तुझा मोठ्ठा मेसेज मिळाला. नाशिकला बसून विचक्राफ्ट, म्हणजे देवीची आणि ऋतूंची ही पाश्चात्त्य साधना, शिकायचंय, घरी अजून कोणाला सांगितलं नाहीये, रील्स बघून बघून डोकं भणभणलंय, आणि मावशी तू इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहून हे करतेयस तर मला पुस्तकांची यादी दे, असं लिहिलंयस. यादी देते, पण नुसती यादी दिली तर ती तू सेव्ह करून ठेवशील आणि वाचायचं राहून जाईल, म्हणून कुठल्या पुस्तकाने माझ्या साधनेत काय बदललं ते पण लिहिते, जरा लांबेल.

सगळे तुला स्पेलच्या, म्हणजे मंत्र-तोडग्यांच्या, पुस्तकापासून सुरुवात करायला सांगतील. मी म्हणते इतिहासापासून कर, आणि तो पण रोनाल्ड हटनपासून. हा ब्रिस्टल युनिव्हर्सिटीतला इतिहासाचा प्रोफेसर (जन्म उटीचा, आपल्या उटीचा!), आणि त्याचं 'द ट्रायम्फ ऑफ द मून' १९९९ मध्ये आलं. पुस्तक जाड आहे, तळटीपा भरपूर, पण सोडू नकोस. आज आपण ज्याला विक्का किंवा मॉडर्न विचक्राफ्ट म्हणतो ते नेमकं आलं कुठून, हे तो एकेक धागा पकडून दाखवतो, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले कवी, फ्रीमेसन लोकांचे विधी, लोककथा गोळा करणारे हौशी अभ्यासक, गावोगावचे औषधपाणी आणि उतारे करणारे लोक, आणि मग जेरल्ड गार्डनर, ज्याने विक्का लोकांसमोर आणलं. अश्मयुगापासून अखंड चालत आलेला गुप्त धर्म वगैरे काही नाही, हे सगळं विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलं, असं तो सांगतो, आणि तेही कुठे हेटाळणी न करता, उलट इंग्लंडने जगाला दिलेला हा एकमेव धर्म आहे असं म्हणतो. बऱ्याच जणींना हे पुस्तक वाचून वाईट वाटलं, काहींनी सोडून पण दिलं सगळं. मला मात्र खूप मोकळं वाटलं. कारण मग कोणी येऊन 'आमची परंपरा तीन हजार वर्षांची, तू आमच्याकडूनच शिकायला हवंस' असं म्हटलं तर घाबरायचं कारणच उरत नाही. ही माणसांनी, नावं-गावं माहीत असलेल्या माणसांनी, आपल्या आजी-आजोबांच्या काळात रचलेली साधना आहे, आणि मन लावून केली तर ती खरीच आहे. मला तुला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

गार्डनर मलायात कस्टम्समध्ये नोकरीला होता, १९३६ ला रिटायर होऊन इंग्लंडला परत आला. न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या कव्हनने (विच लोकांच्या छोट्या गटाने) आपल्याला दीक्षा दिली असं त्याचं म्हणणं. तेव्हा तिथे १७३५ चा विचक्राफ्टचा कायदा होता (या कायद्याखाली हेलन डंकन नावाच्या बाईला १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, तुरुंगात टाकलं होतं!), म्हणून त्याने आधी कादंबरीच्या आडून लिहिलं, १९५१ मध्ये कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये 'विचक्राफ्ट टुडे' आलं. त्याला प्रस्तावना मार्गारेट मरेची. ही बाई कलकत्त्यात जन्मलेली, इजिप्तची मोठी अभ्यासक, आणि युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं त्या खरं तर एका जुन्या धर्माच्या उपासक होत्या असं तिने १९२१ च्या पुस्तकात मांडलं होतं. पुढे इतिहासकारांनी तिचे पुरावे तपासले तर तिने खटल्यांच्या कागदांमधले सोयीचे तुकडे उचलले होते आणि गैरसोयीचे गाळले होते असं दिसलं. म्हणून मरे आणि गार्डनर वाच, पण हटननंतर. तुला नव्वद लाख बायका जाळल्या असा आकडा दिसेल कुठेतरी, तो चुकीचा आहे, इतिहासकारांचा अंदाज साधारण चाळीस ते साठ हजार माणसांचा आहे, त्यात पुरुषही होते, आणि इंग्लंडमध्ये तर जाळत नव्हते, फाशी देत. चाळीस हजार हा आकडा काय लहान आहे का? मेलेल्यांसाठी दुःख व्हायला तो फुगवायची गरज नाही.

आता डोरीन व्हॅलिएंटे, गार्डनरची शिष्या. हिच्याबद्दल लिहायला बसले की मला थांबता येत नाही. १९५३ मध्ये गार्डनरकडे दीक्षा घेतली, आणि थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की याच्या 'जुन्या' विधींच्या वहीत ॲलिस्टर क्राउली या इंग्लिश गूढविद्यावाल्याचं लिखाण जागोजागी आलंय. तिने त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला तुला जास्त चांगलं जमत असेल तर तूच लिही. आणि तिने लिहिलं! देवी स्वतः भक्तांशी बोलते ते 'चार्ज ऑफ द गॉडेस', आज जगभर विक्कन लोक म्हणतात ते, त्याचं आजचं रूप तिचं आहे, सुरुवातीचा भाग चार्ल्स लेलंड या लोककथा अभ्यासकाच्या १८९९ च्या 'अरेडिया'तून घेतलेला आणि बाकी तिची लेखणी. त्याचा शेवट असा आहे की तू जे शोधतेयस ते तुला आत सापडलं नाही तर बाहेर कधीच सापडणार नाही, आणि मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लहानपणापासून ऐकलेलं 'तुझे आहे तुजपाशी' आठवलं आणि रडायलाच आलं. तिचं 'द रिबर्थ ऑफ विचक्राफ्ट', १९८९ चं, ते वाच. त्यात ती गार्डनरवरचं प्रेम पण लपवत नाही आणि त्याच्याशी झालेली भांडणं पण लपवत नाही. आपल्याला दीक्षा देणाऱ्या कव्हनमधली म्हणून गार्डनर ज्या डोरोथीचं नाव घ्यायचा ती बाई खरंच होती का हे शोधायला डोरीन जन्ममृत्यूचे दाखले काढत बसली, आणि डोरोथी क्लटरबक सापडली, १८८० मध्ये हिंदुस्थानात जन्मलेली. (ती खरोखर विच होती का हा वेगळा प्रश्न, हटनला तिच्या डायऱ्यांमध्ये तसा मागमूस दिसला नाही.) श्रद्धा पण ठेवायची आणि दाखले पण काढायचे, हे मी डोरीनकडून घेतलं.

प्रत्यक्ष करायला कुठून शिकले विचारशील तर स्टारहॉक या अमेरिकन विचचं 'द स्पायरल डान्स', १९७९, सॅन फ्रान्सिस्को. यातले व्यायाम मी अजून करते. मिठाच्या पाण्याचा एक आहे, वाटीत पाणी घ्यायचं, मीठ टाकायचं, शांत बसून श्वास घेत जे काही मनात साचलंय, राग, भीती, कोणाचं बोललेलं लागलेलं, ते सगळं त्या पाण्यात जातंय असं धरायचं. आणि दुसरा झाडाचा, पाठीच्या कण्यातून मुळं जमिनीत खाली जातायत अशी कल्पना करायची. बास. काही विकत आणायला लागत नाही बघ, मीठ घरात असतंच. मला ऑफिसातल्या वाईट काळात याच दोन गोष्टींनी धरून ठेवलं. आणखी एक, दहा वर्षांनी आणि वीस वर्षांनी आलेल्या आवृत्त्यांमध्ये स्टारहॉकने आपल्याच पुस्तकावर टिपा लिहिल्यात, इथे मी स्त्री-पुरुष तत्त्वांबद्दल असं म्हटलं होतं, आता मला तसं वाटत नाही, असं सरळ लिहिलंय. तीच आवृत्ती घे. गुरू आपलं मत बदलते आणि ते छापून सांगते, असं फार कमी बघायला मिळतं.

स्कॉट कनिंगहॅमचं 'विक्का: अ गाइड फॉर द सॉलिटरी प्रॅक्टिशनर' (१९८८) तुझ्यासारखीसाठीच आहे, म्हणजे आजूबाजूला कोणी नाही, कव्हन नाही, एकटीने करायचंय. काही जुनी मंडळी नाकं मुरडतात की फार सोपं केलं त्याने. केलंच, आणि त्यामुळेच हजारो एकट्या लोकांना दार उघडलं गेलं, माझ्या मते हे मोठं काम आहे. फक्त वनस्पतींच्या पुस्तकांच्या बाबतीत सांभाळ, मग ती कोणाची का असेनात. युरोपातल्या जुन्या याद्यांमध्ये बेलाडोना, हेनबेन, बचनाग असतात, ही विषं आहेत, प्यायची नाहीत, जाळून धूर घ्यायचा नाही. तुळस, दालचिनी, लवंग एवढ्यावर वर्षभर आरामात निघतं.

टॅरो, म्हणजे भविष्य-चिंतनाचे चित्रपत्ते, तू आधीच घेतलायस म्हणालीस. चित्रं पामेला कोलमन स्मिथने काढलेली असतील, १९०९ ची, ७८ पत्ते, आणि डेकला नाव मात्र कित्येक वर्षं प्रकाशकाचं आणि ज्याच्या सांगण्यावरून तिने ती काढली त्या वेटचं. निदान आपण तिचं नाव घेऊया. सोबत रेचल पोलॅकचं 'सेव्हंटी-एट डिग्रीज ऑफ विज्डम' वाच, पत्त्यांचे अर्थ पाठ करण्यापेक्षा चित्राकडे बघत बसायला त्यातून शिकशील.

आता एक असं पुस्तक जे विचक्राफ्टच्या याद्यांमध्ये फारसं कोणी घालत नाही, पण माझ्या साधनेला त्याने सगळ्यात जास्त वळण दिलं. कार्लो गिन्झबर्ग, इटालियन इतिहासकार, 'द नाइट बॅटल्स', मूळ इटालियन १९६६ चं. इटलीच्या फ्रिउली भागात सोळाव्या-सतराव्या शतकात काही शेतकरी होते, जन्मताना डोक्यावर गर्भाच्या पिशवीचा पातळ पडदा असलेले, त्यांना बेनांदांती म्हणत. ते सांगायचे की वर्षातून चार वेळा रात्री आमचा आत्मा शरीर सोडून जातो आणि आम्ही बडीशेपेची धाटं हातात घेऊन चेटक्यांशी लढतो, चेटक्यांच्या हातात ज्वारीची धाटं असतात, आम्ही जिंकलो तर पीक चांगलं येतं. ज्वारीची धाटं गं! मी सोलापूरकडची, हे वाचून अंगावर काटा आला. आणि मग चर्चचे न्यायाधीश या लोकांना वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहतात, तेच तेच प्रश्न, आणि काही दशकांत 'आम्ही चेटक्यांशी लढतो' म्हणणारे लोक 'आम्हीच चेटके' असं कबूल करायला लागतात. विचारणाऱ्याच्या हातात सत्ता असली की काय होतं ते त्यात पानापानावर दिसतं.

हे तुला मुद्दाम सांगतेय कारण तू महाराष्ट्रात राहतेस. नंदुरबारकडे, सातपुड्यात, बाईला डाकीण ठरवून मारहाण करतात, गावाबाहेर काढतात, आणि ते काही जुनं झालेलं नाही. झारखंडात अशा प्रकारांसाठी २००१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉक्टर दाभोलकर वर्षानुवर्षं झटले, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी कायदा आला. तू स्वतःला विच म्हणवून फोटो टाकशील ते ठीक आहे, तुझं शिक्षण, शहर, भाषा तुला सांभाळून घेतात, पण त्या बाईने तो शब्द मागितला नव्हता. म्हणून माझे काही नियम आहेत, ते मी तुझ्यावरही लादणार आहे, मावशी आहे मी. अमुक बाईची नजर लागली, तमकीने करणी केली असं कोणाबद्दलही, कधीही, गमतीत पण बोलायचं नाही. कोणाकडून पैसे घेऊन त्याचा प्रॉब्लेम सोडवून देते म्हणायचं नाही. आजारी माणसाला आधी डॉक्टर, मेणबत्ती नंतर. दाभोलकरांची पुस्तकं तुझ्या शेल्फवर स्टारहॉकच्या शेजारी असू देत, माझ्याकडे तशीच आहेत आणि मला त्यात काही विसंगत वाटत नाही. मी माझ्या मनासाठी, ऋतूंशी जोडलेली राहण्यासाठी साधना करते, त्यासाठी दुसऱ्या कोणाला फसवावं लागत नाही.

ऋतूंवरून आठवलं. वर्षाचे आठ सण तुला सगळीकडे दिसतील, दोन अयनं, दोन संपात आणि मधले चार. हे आठ एकत्र बांधले गेले १९५० च्या दशकात, आणि ते इंग्लंडच्या हवेचे आहेत. १ ऑगस्टला इथे गहू कापायला येतो, तेव्हा इगतपुरीला भाताची लावणी नुकती उरकलेली असते, कापणी कसली साजरी करणार तू? २१ जूनला इथे ऊन, तुझ्याकडे पाऊस. त्यामुळे तारखा पाठ करू नकोस. एक वही घे, रोज नाही जमलं तरी अमावस्या-पौर्णिमेला लिही, झाडाला काय आलंय, पक्षी कुठले दिसले, गोदावरीला पाणी किती, झोप कशी लागली, स्वप्न काय पडलं. वर्ष झालं की तुझं स्वतःचं चक्र त्यात आपोआप दिसायला लागेल. मी इथे ३१ ऑक्टोबरला, मेलेल्यांच्या आठवणीच्या सणाला, मेणबत्ती लावते आणि त्याआधी सर्वपित्रीला आजीच्या नावाने पान पण वाढते, दोन्ही वेगवेगळं, सरमिसळ करत नाही, दोन्ही माझंच आहे.

कधी इकडे आलीस तर कॉर्नवॉलला बॉसकॅसलचं विचक्राफ्ट म्युझियम बघायला जाऊ, २००४ च्या पुरात पाणी शिरलं होतं तिथे, पण परत उभं राहिलं. तोवर ऑनलाइन दीक्षेचे कोर्स विकणाऱ्यांना पैसे देऊ नकोस, तू ज्याची किंमत सांगितलीस तो तर मुळीच नको, तेवढ्यात वरची सगळी पुस्तकं सेकंडहँड येतील. हटन महाग वाटला तर आधी कॉलेजच्या लायब्ररीत विचार, नाही मिळाला तर माझी जुनी कॉपी डिसेंबरात तुझ्या आईबरोबर पाठवते. समासात माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. पण त्यासाठी आईला सांगावं लागेल, ते तू सांग, मी नाही सांगणार. पहिली तीन प्रकरणं झाली की फोन कर.

तुझी,
मावशी