वाचकांचे प्रश्न : 'के' स्थिर का येत नाही?

प्रश्न : मिथाइल अ‍ॅसिटेटच्या जलापघटनाच्या (पाण्याने तुटून आम्ल आणि अल्कोहोल होण्याच्या) प्रॅक्टिकलमध्ये माझा 'के', म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचा स्थिरांक, दर रीडिंगला वेगळा येतो. सरासरी काढून जर्नलमध्ये लिहू का?
— बी.एस्सी. प्रथम वर्ष, नांदेड

उत्तर : इतक्यात नको, आधी आकडे बघा. १०० मिली ०.५ नॉर्मल (नॉर्मलिटी म्हणजे द्रावणाची तीव्रता) एचसीएलमध्ये, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, ५ मिली एस्टर (हेच मिथाइल अ‍ॅसिटेट) घातले आणि दर वेळी २ मिली मिश्रण ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने (अल्कलीने) टायट्रेट केले, म्हणजे आम्ल संपायला किती मिली अल्कली लागते ते मोजले, तर झिरो रीडिंग (सुरुवातीचे) साडेनऊ मिलीच्या आणि इन्फिनिटी रीडिंग (अभिक्रिया पूर्ण झाल्यानंतरचे) एकवीस मिलीच्या आसपास येते. २५ अंशांना पहिल्या १० मिनिटांत फरक पडतो तो जेमतेम ०.४ मिलीचा. तिथे ०.१ मिली चुकले की 'के' पंचवीस टक्क्यांनी चुकतो. तासाभरानंतरच्या रीडिंगमध्ये तेवढीच चूक पाच टक्क्यांवर येते. सरासरी या दोघांना एकाच मापाने मोजते. शिवाय झिरो रीडिंग प्रत्येक गणितात असते, म्हणजे ते बिघडले की सगळेच बिघडले.

त्यापेक्षा ग्राफ काढा. इन्फिनिटी रीडिंगमधून त्या त्या वेळचे रीडिंग वजा करा, त्याचा लॉग वेळेसमोर मांडा. स्लोप (रेषेचा उतार) ऋण येईल. चिन्ह बदलून २.३०३ ने गुणले की 'के'. शेवटचे बिंदू रेषेखाली घसरत असतील तर इन्फिनिटी रीडिंग कमी आले आहे. घाईत फ्लास्क उघडाच ६० अंशांच्या वॉटर बाथवर ठेवला की हे हमखास होते, कारण हे एस्टर ५७ अंशांनाच उकळते आणि उडून जाते. घट्ट बूच लावून २४ तास ठेवलेले बरे.

नमुना बर्फाच्या पाण्यातच सोडा आणि पिपेट अर्धे रिकामे होताना वेळ टिपा. टायट्रेशनच्या शेवटी येणारा गुलाबी रंग थोड्या वेळाने उडतो, कारण उरलेले एस्टर अल्कली खाते. पंधराएक सेकंद टिकलेला पहिला फिकट रंग धरा, उडालेला रंग परत आणायला आणखी अल्कली घालत बसू नका.

मैत्रिणीच्या 'के'शी तुलना करायची तर आम्लाची नॉर्मलिटी आणि तापमान सारखे हवे. आम्ल दुप्पट केले की 'के' जवळपास दुप्पट, तापमान ५ अंशांनी वाढले की सुमारे दीडपट.

प्रश्न : २५ वरून ३५ अंशांवर 'के' अडीचपट झाला, पण अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) फक्त ६६६ जूल आली!
— एक वाचक, सांगली

उत्तर : सूत्रात तापमान सेल्सिअसमध्येच घातलेत. २९८ आणि ३०८ केल्व्हिन घाला, ७० किलोजूल प्रति मोलच्या आसपास येईल.