छापून येणार नसेल, तर लिहू कशाला?

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची, नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहते. मुलगा-सून पुण्याला, मुलगी बंगलोरला. दुपार खायला उठते. शाळेत निबंध बरे लिहायची, म्हणून मोठी दोनशे पानी वही आणली, चार पानं लिहिली आणि थांबली. मिस्टर म्हणतात, "लेखिका होणार काय आता? छापणार कोण?" त्यात माझी मराठी ही अशी, 'करून राहिली, जाऊन राहिली'वाली. सून हसते. छापून येणार नाही, कोणी वाचणार नाही, तर लिहून मला मिळणार काय? खरं खरं सांगा.

उत्तर : दोनशे पानी वही आणली तिथेच गडबड झाली. मीही तेच केलं होतं. जाड वही पाहिली की आत्मचरित्रच लिहावं लागेल असं वाटून हात आखडतो. ती नातवासाठी ठेवा आणि गोकुळपेठेतून एक चाळीस पानी आणा.

मी ३१ वर्षं कोर्टात स्टेनो होते. दुसऱ्यांची वाक्यं इतकी लिहिली की रिटायर झाल्यावर स्वतःचं एक लिहायला बसले, तर पेनच हलेना. लघुलिपीत, म्हणजे स्टेनोच्या भरभर उतरवायच्या खुणांत, स्वर बहुतेक गाळतात. बारीक रेघ 'त', जाड रेघ 'द', बाकी आपण आपल्या आठवणीनं भरायचं. संध्याकाळपर्यंत टाइप केलं तर सगळं बरोबर येतं. दोन महिन्यांनी तेच पान काढा, 'तार', 'तूर', 'तीर', 'तोरा', वाटेल ते वाचता येतं. आणि वाचणाऱ्याला तर खात्री असते की आपण बरोबरच वाचतोय!

आता माझ्या वहिनीचं सांगते. तिच्याशी माझं ११ वर्षं बोलणं नव्हतं. आईच्या तेराव्याला, महालातल्या घरी, "आता हिचं इथे काय राहिलं" असं ती म्हणाली, हा माझा आरोप. ११ वर्षांत मी तो इतक्या जणींना ऐकवला की पाठ झाला होता.

एका मे महिन्यात, बाहेर ४५ अंश, कूलरच्या ताट्या ओल्या करून मी हे प्रकरण लिहायला घेतलं. सवयच तशी, म्हणून कोर्टासारखंच लिहिलं: तारीख, ठिकाण, हजर कोण, कोण काय बोललं. पहिलं पान झरझर झालं. अंगणातलं पितळी घंगाळ, दारातला चपलांचा ढीग, वडे तळल्याचा वास. मग ते वाक्य आलं. वहिनी म्हणाली, असं लिहिलं आणि पुढे लिहायचं होतं, ती उभी कुठे होती. मी तर बाहेर ओसरीवर होते. वहिनी आत वडे तळत होती. मधे दोन खोल्या आणि पन्नास माणसांचा गलका. मी ते वाक्य ऐकलंच नव्हतं! ते मला मावशीनं सांगितलं होतं, सक्करदऱ्याला परतताना, रिक्षात.

ऐकीव पुरावा सहसा चालत नाही, हे मी किती निकालांमध्ये टाइप केलं असेल. आणि घरात ११ वर्षं त्याच्यावरच निकाल देऊन बसले होते.

पुढच्या आठवड्यात महालात गेले. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "म्हटलं असेन बाई, त्या दिवशी कोण काय बोलून राहिलं होतं कोणाला आठवते? जेवून जाशील नं? गोळाभात टाकते." म्हणजे आरोप खोटाच होता, असंही म्हणता येत नाही. पण गोळाभात झाला, कढी झाली, आणि आता दर तान्ह्या पोळ्याला तिचा फोन येतो.

तुम्ही विचारलंत काय मिळणार. मला हे मिळालं. मन हलकं होतं वगैरे लोक सांगतात. माझं तर त्या दुपारी चांगलंच जड झालं होतं. मनातल्या मनात आपण 'ती तशीच आहे' एवढ्यावर थांबू शकतो. कागद थांबू देत नाही, तो पुढचा शब्द मागतो.

जड होतं हे माझंच नाही. अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला सगळ्यात त्रासाचा प्रसंग. १९८६ साली ते प्रसिद्ध झालं. त्रासाचं लिहिणारी मुलं लिहून उठली तेव्हा जास्तच उदास होती. पण त्यांच्यात ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या खेपा पुढच्या सहा महिन्यांत कमी दिसल्या. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले, ते एकत्र करून पाहिले तर फायदा दिसतो, पण थोडाच. लिहिलं म्हणजे बीपीची गोळी बंद, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि एखादा विषय काढल्यावर दिवसेंदिवस रडूच थांबत नसेल तर तो बाजूला ठेवा, डॉक्टरांशी बोला.

सुनेचं म्हणाल तर तिला हसू द्या. 'करून राहिली' हे तुम्ही 'करत आहे' असं लिहायला लागलात की तुमच्या आईचा आवाज त्या वहीतून गेला म्हणून समजा. मी माझ्या वहीत सांबारच लिहिते, कोथिंबीर नाही. पुण्याच्या नातवानं 'सांबारवडी' वाचून इडलीबरोबरच्या सांबाराची वडी कशी करतात असं विचारलं होतं. त्या निमित्तानं अर्धा तास गप्पा झाल्या, एरवी त्याला माझ्याशी बोलायला पाच मिनिटंही नसतात.

मिस्टरांशी वाद घालू नका. लिहिलेलं कोणाला ऐकवावंसं वाटलंच, तर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था. तिथल्या कार्यक्रमाला आधी नुसतं जाऊन मागच्या रांगेत बसा. छापण्याचं नंतर बघू.

प्रश्न : मी मानेवाड्याला खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. रात्री पडलं की उद्याचं सगळं डोक्यात फिरतं, दोन-दोन वाजतात. मित्र म्हणतो डायरी लिही. दिवसभर नोट्स लिहून हात दुखतो, आणखी डायरी कुठे लिहू?

उत्तर : डायरी नको. पाच मिनिटं फक्त उद्याची कामं लिही. बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर हे करून पाहिलं, २०१८ साली छापून आलं. झोपण्याआधी निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. पुढची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि ज्यांची यादी जास्त बारकाव्याची होती ते आणखी लवकर. 'अभ्यास' लिहिशील तर काही उपयोग नाही. 'सकाळी सात, राज्यघटना, मूलभूत कर्तव्यं, नंतर तर्री-पोहे' असं लिही. नऊ मिनिटांनी तुझं दोनचं दहा होणार नाही, पण करून पहा. महिनाभर झोपच नसेल, किंवा मन फार खचलं असेल, तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. आणि रात्री नऊनंतरचा टपरीवरचा चहा बंद कर, हे मी न सांगताही तुला माहीत असेल.

प्रश्न : लग्नाला सात महिने झाले, धरमपेठेत एकत्र कुटुंब. लिहावंसं फार वाटतं, पण वही कोणाच्या हाती लागली तर? सासूबाई कपाट आवरतात.

उत्तर : फाडून टाकलं तरी चालतं. लिहिताना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मोबाइलमध्ये कुलूप लावून लिहिलं तरी चालेल, मला स्वतःला ते जमत नाही.

मी नाजूक मजकूर लघुलिपीत लिहिते. घरात कोणाला ओ का ठो कळत नाही, वही टेबलावर उघडी पडलेली असते. अडचण एवढीच की गेल्या उन्हाळ्यातलं एक पान कालच काढलं. वहिनीबद्दल काहीतरी आहे, आणि ती 'तूर' म्हणाली की 'तोरा', ते आता मलाच वाचता येत नाहीये.