नाशिकची सिटी बस: एसटीने का सोडली अन सिटीलिंक नेमकी कुणाची

पाथर्डी फाट्याला नवीन राहायला आलेल्या भाऊंनी तीन गोष्टी विचारल्यात. एसटी आधी सिटी बस चालवायची तर तिने सोडली का, सिटीलिंक म्हणजे आत्ताची सिटी बस सरकारी का प्रायव्हेट, आणि एवढा तोटा आहे म्हणतात तर ही पण बंद पडणार का. मी सातपूरच्या एका कंपनीत २९ वर्षं काढली, त्यातली निम्मी बसने, आणि मामा एसटीत कंडक्टर होते त्यामुळे डेपोच्या गप्पा घरात लहानपणापासून कानावर. लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

आधी नाशिकचा नकाशा डोक्यात घ्या. रेल्वे स्टेशन गावापासून ९-१० किमी लांब, म्हणजे जुन्या नाशकातल्या माणसाला रेल्वे पकडायची तर आधी दुसरी एखादी गाडी पकडावी लागते, आजही आणि आजोबांच्या काळातही. म्हणून तर इथं १८८९ साली ट्राम आली होती, खरंच, घोड्यांची ट्राम, मेन रोडच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत. तिचा सल्लागार एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्याने पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली तोच. १९३० नंतर काही वर्षातच ती ट्राम बंद पडली आणि कारण काय, तोटा! तेव्हा हे तोट्याचं प्रकरण सिटीलिंकपासून सुरू झालं असं कुणी सांगत असेल तर त्याला मेन रोडला घेऊन जा.

आता एसटी. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी निघाली ती सगळ्यांना माहितेय. पण एसटीचं मूळ काम गावाला गाव जोडायचं, शहरात फेऱ्या मारायचं नाही. पुण्यात पीएमटी १९५० पासून होती, कोल्हापूर तर साधी नगरपालिका असताना १९६२ ला त्यांनी केएमटी काढली. नाशकात तसं कुणी काढलंच नाही. आपली महापालिकाच मुळात १९८२ ची, नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची खेडी एकत्र करून बनवलेली, आणि तोपर्यंत लोकांना लाल डब्याची सवय लागलेली. एसटी चालवतेय ना, मग चालू दे. कायद्यानं पण बस चालवणं हे महापालिकेचं ऐच्छिक काम आहे, पाणी आणि गटारीसारखं सक्तीचं नाही, त्यामुळे टाळणं सोपं.

मामा सिटीला ड्यूटी लागली की कुरकुरायचे. लांब पल्ल्याला पॅसेंजर बसवला, तिकीट फाडलं की तास दीड तास निवांत. सिटीत शालिमारला गाडी भरली की गाडी द्वारकेला पोचेपर्यंत मागच्या दारापर्यंत तिकीट संपवायचं, तो तिकिटांचा ट्रे एका हातात, पंचची टिकटिक चालू, दर पाचशे मीटरवर कुणीतरी चढणार कुणीतरी उतरणार, एक घंटी थांबायला, दोन घंट्या निघायला, आणि सुट्ट्या पैशांवरनं भांडण वेगळं. सेकंड शिफ्टच्या कंपनीवाल्यांना मात्र ते चेहऱ्यानं ओळखायचे, एखादा दिसला नाही तर आज खाडा का म्हणून दुसऱ्या दिवशी विचारायचे.

एसटीने सोडली का, याचं उत्तर या ट्रेमध्येच आहे. सिटीत गाडी सारखी थांबते, डिझेल जास्त जातं, ब्रेक-क्लच लवकर झिजतात, तिकीट मात्र छोटं. त्यात सकाळी सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडे गाडी भरून जाणार आणि परत येताना निम्मी रिकामी, संध्याकाळी उलटं. भाडं आपल्या मनानं वाढवता येत नाही, त्याला परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. म्हणजे किलोमीटरमागचा खर्च किलोमीटरमागच्या उत्पन्नाच्या वरच राहणार. एसटी म्हणायची शहराची सेवा आहे तर तूट महापालिकेनं द्या, महापालिका म्हणायची आमच्यावर सक्ती कुठंय. या ओढाताणीत फेऱ्या कमी व्हायला लागल्या. फेऱ्या कमी झाल्या की लोकं शेअर रिक्षात बसतात किंवा कर्ज काढून ॲक्टिवा घेतात, मग गाडीचं भारमान, म्हणजे भरलेल्या सीटचं प्रमाण, पडतं, भारमान पडलं म्हणून अजून फेऱ्या कमी, असं करत करत सेवा आटत गेली. मार्च २०२० ला लॉकडाऊनमधे सगळंच थांबलं ते नंतर पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलंच नाही.

मधल्या काळात २०१८ ला तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. ते इथं येण्याआधी पुण्यात पीएमपीएमएलचे, म्हणजे तिथल्या सिटी बस कंपनीचे, प्रमुख होते त्यामुळे बस हा विषय त्यांना तोंडपाठ. महापालिकेनं स्वतः बस चालवायची याला त्यांच्या काळात जोर आला, ते वर्षभराच्या आतच बदलून गेले, पण प्रस्ताव राहिला. पुढे नाशिक महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड अशी कंपनी झाली, सिटीलिंक हे तिच्या बसचं नाव, आणि ८ जुलै २०२१ ला गाड्या रस्त्यावर आल्या. ठरलेला ताफा २५० चा, २०० सीएनजी आणि ५० डिझेल. डेपो दोन, तपोवन आणि नाशिकरोड. आणि नशीब असं की चार महिन्यातच एसटीचा तो मोठा संप झाला, पार एप्रिल २०२२ पर्यंत चालला, त्या दिवसात त्र्यंबक, सिन्नरकडच्या लोकांना सिटीलिंकनेच हात दिला. नव्या गाड्यांवर लोकांचा विश्वास बसला तो जाहिरातीने नाही, त्या संपाने.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सरकारी का प्रायव्हेट. दोन्ही, आणि इथंच सगळ्यांचा घोळ होतो. कंपनी महापालिकेची, रूट कुठला, टाइमटेबल काय, तिकीट किती हे ती ठरवते आणि तिकिटाचा पैसा तिच्याच खात्यात जातो. बस मात्र तिच्या मालकीची नाही, ती खासगी ठेकेदारांची. ड्रायव्हर त्यांचा, मेंटेनन्स त्यांचा, गॅस-डिझेल त्यांचं. त्यांना पैसे मिळतात गाडी जितके किलोमीटर पळाली त्या हिशोबाने, आत पॅसेंजर पाच असोत का पन्नास. कंडक्टर तिसऱ्याकडचे, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून. म्हणजे तुम्ही बसला हात करता तेव्हा ड्रायव्हर एकाचा, कंडक्टर दुसऱ्याचा आणि तिकिटावर नाव तिसऱ्याचं!

हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. पगार थकला म्हणून कंडक्टरांचं काम बंद आंदोलन झालं की गाड्या धडधाकट, ड्रायव्हर हजर, तरी सगळं डेपोत उभं. असं आजवर एकदा नाही, बऱ्याचदा झालंय. लोकं शिव्या घालतात ड्रायव्हरला, जो बिचारा डेपोच्या गेटवर चहा पीत उभा असतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर बस ठेक्यावर घ्या, काही हरकत नाही, पण ज्या माणसाच्या हातात रोजचा गल्ला आहे आणि ज्याच्याशी पब्लिकचा रोज संबंध येतो तो माणूस तरी थेट कंपनीचा असायला हवा होता. मामा असते तर हेच बोलले असते, जरा वेगळ्या भाषेत.

किलोमीटरवर पैसे देण्याचा फायदाही आहे हं. एसटीच्या काळात रिकामी फेरी म्हणजे डेपो मॅनेजरच्या डोक्याला ताप, म्हणून रात्रीची शेवटची फेरी पहिली कापली जायची. आता ठेकेदाराला रिकाम्या फेरीचं दुःख नाही, उलट फेरी चुकली तर त्याचेच पैसे बुडतात, स्टॉपवर गाडी थांबवली नाही वगैरे तक्रारीला दंडही आहे. रिकाम्या सीटचा भार आला महापालिकेवर, म्हणजे आपल्या घरपट्टीवर. समजा किलोमीटरमागे ठेकेदाराला ७० रुपये द्यायचे आणि तिकिटातून ४५ आले (आकडे मी फक्त समजावायला घेतलेत) तर २५ ची तूट, आणि ती गाडी दिवसाला २०० किमी पळाली तर ५ हजार रुपये एका गाडीचे. याला २५० गाड्यांनी आणि वर्षाच्या दिवसांनी गुणा म्हणजे पेपरमधे कोटींचे आकडे का येतात ते कळेल. द्वारकेला उड्डाणपूल बांधला तर तो किती तोट्यात गेला असं कुणी विचारत नाही, बसला मात्र रोज विचारतात.

बरं, "अर्धा तास गाडी नाही आणि मग एकदम तीन" ही तक्रार बरेच जण करतात, त्यांच्यासाठी. निमाणी ते नाशिकरोड जायला समजा ४५ मिनिटं, यायला ४५, दोन्ही टोकाला पाचपाच मिनिटं थांबा, झाली १०० मिनिटं. दर १० मिनिटाला गाडी हवी तर त्या एका रूटला १० गाड्या लागतात. २५० गाड्यातल्या काही मेंटेनन्सला काही स्पेअर, उरलेल्या जर ५० रूटवर वाटल्या तर एका रूटला सरासरी पाच पण येत नाहीत. आणि नाशिकरोडसारख्या रूटला जास्त दिल्या की गिरणारे-मखमलाबादकडचे ओरडतात, ते पण बरोबरच. त्यात द्वारका सर्कलला पहिली गाडी अडकली की पुढच्या स्टॉपवर गर्दी वाढते, गर्दीमुळे ती अजून थांबते, मागची गाडी आयती मोकळ्या स्टॉपवरून येऊन तिला गाठते. यात कुणाचा कामचुकारपणा नाही, रस्ता तसा आहे. बसला वेगळी लेन मिळेल तेव्हा हे कमी होईल, नुसत्या गाड्या वाढवून नाही. मेट्रो निओ म्हणून रबरी टायरची विजेवरची बस येणार होती, २०२१ च्या केंद्राच्या बजेटमधे २०९२ कोटींची घोषणा पण झाली होती. तिची वाट बघता बघता माझी रिटायरमेंट झाली.

महिलांना अर्धं तिकीट का नाही यावरून बसमधे रोज वाद होतो म्हणून तेही सांगतो. मार्च २०२३ पासूनची ती सवलत एसटीची आहे, त्याचे पैसे राज्य सरकार एसटीला भरून देतं. सिटीलिंक एसटी नाही, रंग कितीही चांगला असला तरी. त्र्यंबकला जाताना एकाच रस्त्यावर दोन्ही गाड्या असतात त्यामुळे बायामाणसं एसटीसाठी थांबतात आणि ते साहजिकच आहे. कंडक्टरशी भांडून उपयोग नाही.

शेवटचा प्रश्न, बंद पडेल का. मला नाही वाटत, निदान २०२७ च्या कुंभापर्यंत तरी कुणाची हिंमत होणार नाही. गेल्या सिंहस्थाला २०१५ मधे बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवर अडवून लोकांना बसनेच आत आणलं होतं, यावेळी पण दुसरा मार्ग नाही. केंद्राच्या विजेवरच्या बसच्या पीएम ई-बस योजनेत पण नाशिकचं नाव आहे. मला भीती बंद पडण्याची नाहीच, एसटीसारखं हळूहळू आटण्याची आहे. म्हणून तोट्याच्या बातमीपेक्षा तुमच्या रूटच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवा, रात्रीची शेवटची गाडी गुपचूप गायब झाली तर लगेच लेखी तक्रार द्या, पाचपंचवीस जणांच्या सह्या घेऊन.

आणि भाऊ तुम्ही पाथर्डी फाट्याला म्हणजे महिन्याचा पास काढायच्या आधी आठवडाभर नुसतं तिकीट काढून बघा, ॲपवर गाडी कुठं आली ते दिसतं. घरातून निघताना बघू नका, चपला घालायच्या आधी बघा. पावसाळ्यात मुंबई नाक्याला जाम असला की तिथली दोन मिनिटं म्हणजे आपली बारा.