नव्या पाळकाने (चर्चच्या धर्मगुरूने) बायबलखेरीज कोणाला वाचावं?

माझं उत्तर: आधी रिचर्ड बॅक्स्टर, सतराव्या शतकातला इंग्लिश पाळक. त्याचं 'द रिफॉर्म्ड पास्टर' १६५६ चं, भाषा जड आणि सूर कडक, पण मुद्दा रोकठोक आहे. नुसत्या व्यासपीठावरच्या उपदेशाने भागत नाही. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावात तो आणि त्याचा सहकारी दर सोमवारी-मंगळवारी एकेका कुटुंबाशी वेगळं बसून बोलत, कोणाला काय कळलंय ते विचारत. आजही बरेच पाळक घरभेटी कशा कराव्यात हे इथूनच शिकतात.

त्याच्याही हजार वर्षं आधी, साधारण ५९० च्या सुमारास, पोप ग्रेगरी (पहिले) यांनी पाळकांसाठीच्या आपल्या पुस्तकात लिहिलं की धीट माणसाला जे सांगायचं ते भित्र्याला सांगून चालत नाही. श्रीमंत-गरीब, आनंदी-दुःखी अशा कितीतरी जोड्या घेऊन कोणाशी कसं बोलावं ते त्यांनी सांगितलंय. समुपदेशनाच्या कित्येक नव्या पुस्तकांपेक्षा हे मला जास्त उपयोगी वाटतं.

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरचं 'लाइफ टुगेदर' (१९३९) छोटंसं आहे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, एकमेकांची पहिली सेवा म्हणजे ऐकून घेणं, असं तो म्हणतो. बोलघेवड्या पाळकांनी तर हे वाचावंच!

हेन्री नाउवेन हा डच कॅथलिक धर्मगुरू-लेखक थकवा आल्यावर वाचा, आधी नको. आणि चर्चवाढीची, म्हणजे सभासद कसे वाढवावेत याची, पुस्तकं? ती नंतर कधीतरी, वेळ उरला तर.